‘सान फेलिपे’ गलबताचा नाश आणि वसईचा रक्तसाक्षी

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रीत्यर्थ निघणाऱ्या या पुस्तिकेंत इतिहासविषयक कांहीं मजकूर आम्हीं द्यावा, अशी चालकमंडळीची इच्छा पडली. देवळाचा इतिहास दुसऱ्या लेखांतून येतच आहे. तेव्हां त्याच त्या तारखा पुन्हां उगाळण्यापेक्षां, ज्या संताच्या नांवानें आमच्या वसई प्रांतांतील मुलांचीं नांवें ठेवितात, त्या संत गोन्सालो गार्सिया याच्या मरणाशीं निगडित असलेल्या एका गलबताची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ व्या तारखेस जपानांत नागासाकी येथें सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनीं भोसकून मारण्यांत आलें, व त्यांत आमचा वसईकर गोन्सालो होता, हें कोणास ठाऊक नाहीं? परंतु तें त्याच वर्षीं कां घडलें, असें एखाद्या मुलानें विचारिलें तर उत्तर देणारे थोडे. आम्हीही व्यासपीठावरून वर्षानुवर्षें ‘जपानच्या अधिपतीला ख्रिस्ती धर्माचा द्वेष वाटून क्रोध आला’ एवढें सांगून मोकळे झालों आहों. हें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. फ्रान्सिस्कन संघाचे बंधु १५९३ पासून त्याच अधिपतीच्या राजधानींत उघडपणें राहत होते, पायांत वहाणा न घालितां रस्त्यानें हिंडत होते, महारोग्यांची शुश्रूषा करीत होते. आणि येशूसंघाचे धर्मगुरु तर चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या देशांत होते. पाद्र्यांनीं देश सोडून जावें, असा हुकूम १५८७ सालींच सुटला होता. तथापि तो बहुतांशीं कागदावरच राहिला होता. मग १५९६ च्या अखेरीस तो क्रोध एकाएकीं कां भडकला? ह्याचें उत्तर शोधूं गेल्यास तें समुद्रावर सांपडतें.

त्या काळीं फिलिपाइन बेटांतील मनिला शहर हें स्पेनच्या राजाचें पूर्वेकडील ठाणें होतें. तेथून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरास दरवर्षीं एकदोन मोठीं गलबतें जात. चीन देशाचें रेशीम, चिनी मातीचीं भांडीं, मेण, कस्तुरी असा माल जाई, व परत येतांना त्याच्या मोबदल्यांत मेक्सिकोची चांदी येई. हा जलमार्ग शोधून काढणारा कोणी लढवय्या नव्हता. आंद्रेस दे उर्दानेता या नांवाचा आगस्तीन संघाचा एक संन्यासी, पूर्वीं खलाशी असलेला, त्यानें १५६५ सालीं तो सिद्ध करून दाखविला. सरळ पूर्वेकडे जाऊं म्हटल्यास वारा तोंडावर येतो. म्हणून जपानच्या बाजूला बरेंच उत्तरेस चढून जावयाचें, तेथें पश्चिमेकडून वाहणारा वारा धरावयाचा, आणि मग कित्येक महिने जमीन दृष्टीस न पडतां अमेरिकेचा किनारा गांठावयाचा. चारपासून सहा महिने लागत. मनुष्यें पाण्यावांचून व दांतांच्या हिरड्या सुजून मरत. असें असूनही हा व्यापार १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, अखंड चालू राहिला. त्यावरून त्यांत नफा किती असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

नफा आला म्हणजे लोभ आलाच. स्पेनच्या राजानें १५९३ सालीं मर्यादा घातली, कीं मनिल्याहून वर्षास अडीच लक्ष पेसोंहून अधिक किंमतीचा माल पाठवूं नये. परंतु दूरच्या राजाची आज्ञा आणि जवळचा फायदा यांत माणूस कशाला मान देतो, तें सांगावयास नको. ‘सान फेलिपे’ गलबत १५९६ च्या जुलै महिन्याच्या १२ व्या तारखेस निघालें, तेव्हां त्यांत दहा लक्ष पेसोंहून अधिक किंमतीचा माल होता असें सांगतात.

आणि निघालें तें उशीरां. आमच्या अर्नाळ्याच्या अथवा पांचूबंदरच्या कोणाही तांडेलास विचारा, समुद्राशीं व्यवहार करितांना पंधरा दिवस मागेंपुढें होणें म्हणजे काय, तें तो सांगेल. नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी लोटूं नये, हें आमच्याकडील पोरासही कळतें. मनिल्याकडील नियम याच्या उलट आहे. तेथें नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर लवकर बाहेर पडून, श्रावण-भाद्रपदांतील भयंकर चक्रीवादळें उठण्यापूर्वीं उत्तरेस निघून जावें लागतें. ज्या गलबतानें जूनमध्येंच नांगर उचलावा, तें जुलैचा मध्य येईपर्यंत मालाची वाट पाहत बसलें, तर तें वादळाच्या तोंडीं जाणार हें ठरलेलेंच.

तसेंच झालें. मातियास दे लांदेचो हा त्या गलबताचा मुख्य अधिकारी होता. खलाशी, व्यापारी व उतारू मिळून दोनशेंहून अधिक माणसें होतीं. त्यांत सात संन्यासी होते: चार आगस्तीन, दोन फ्रान्सिस्कन व एक दोमिनिकन. फ्रान्सिस्कनांपैकीं एक फेलिपे दे हेसूस या नांवाचा चोवीस वर्षांचा मेक्सिकोकर तरुण होता. मनिल्यास त्या वेळीं बिशप नसल्यानें गुरुदीक्षा घेण्यासाठीं तो आपल्या जन्मगांवीं परत चालला होता. दुसऱ्याचें नांव हुआन पोब्रे. या दोघांचीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं.

एकामागून एक वादळें आलीं. डोलकाठी मोडली, शिडें फाटलीं, गलबत पाणी घेऊं लागलें. मागें फिरावें तर वारा प्रतिकूल, पुढें जावें तर अर्ध्या जगाएवढा समुद्र. शेवटीं जपानच्या किनाऱ्यास लागून डागडुजी करावी, असा विचार ठरला. जपानांत आपल्या राजाचे वकील म्हणून गेलेले फ्रान्सिस्कन आहेत, तेथील अधिपति स्नेहभावानें वागतो, अशी त्यांची समजूत होती. आक्टोबर महिन्याच्या १९ व्या तारखेस शिकोकु बेटावरील तोसा प्रांताचा किनारा दिसला.

तेथील सरदार चोसोकाबे मोतोचिका यानें होड्या पाठवून गलबत ओढीत उरादो बंदरांत आणविण्याची व्यवस्था केली. गलबत जड, बंदराचें तोंड उथळ. वाळूच्या दांड्यावर तें आदळलें व त्याचा कणा मोडला. भर समुद्रांत तीन महिने तगलेलें जहाज बंदराच्या दारांत येऊन फुटलें! सरदारानें तें मुद्दाम दांड्यावर घातलें, असा पुढें स्पानिश लोकांनीं आरोप केला. आम्हांस त्याचा निकाल देतां येत नाहीं. परंतु ज्यानें वसईच्या खाडीच्या तोंडाशीं ओहोटीच्या वेळीं भरलेली होडी वाळूंत रुतलेली पाहिली असेल, त्याला यांत कपटाचीच आवश्यकता वाटेल असें नाहीं.

माल वाहत किनाऱ्यास लागला, उरलेला उतरवून घेण्यांत आला, आणि सरदारानें तो जप्त केला. त्या देशाच्या रिवाजाप्रमाणें फुटक्या जहाजाचा माल हा ज्याचा किनारा त्याचा. हें ऐकून कित्येक युरोपीय लेखकांनीं जपान्यांस लुटारू ठरविलें आहे. परंतु हा रिवाज जपानापुरताच नव्हता. आपल्या कोंकणांतही तो होता. १६७४ सालीं शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडास गेला, तेव्हां इंग्रजांचीं फुटलेलीं जहाजें व माल परत मिळावा असें एक कलम तहाच्या मसुद्यांत होतें, आणि नेमक्या त्याच कलमास महाराजांनीं प्रथम हरकत घेतली. कारण किनाऱ्यास लागलेलें जहाज राजाचें, ही वहिवाट जुनी होती. तेव्हां मोतोचिकानें जें केलें, तें त्या काळच्या दृष्टीनें राजनीतीस सोडून नव्हतें. दुःख एवढेंच, कीं लांदेचोस हें ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक असूनही आपला दहा लक्षांचा माल सुटेल अशी त्यास आशा होती.

त्या आशेनें त्यानें भेटीचे नजराणे देऊन कांहीं माणसें राजधानीकडे, म्हणजे मियाको ऊर्फ क्योतो शहराकडे, पाठविलीं. त्यांत फेलिपे व हुआन पोब्रे हे दोघे बंधु होते. तेथील फ्रान्सिस्कनांचे मुख्य फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनीं अधिपतीकडे रदबदली करावी, असा हेतु होता.

अधिपति म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. शेतकऱ्याच्या पोटीं जन्मून साऱ्या जपानाचा स्वामी झालेला पुरुष. त्याची त्या वर्षींची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. १५९२ पासून कोरियावर स्वारी चालू होती व तिनें खजिना पोखरला होता. सप्तंबरांत मोठा भूकंप होऊन फुशिमी येथील त्याचा नवा किल्ला जमीनदोस्त झाला होता. चीनशीं चाललेली तहाची बोलणी त्याच सुमारास फिसकटलीं होतीं. अशा वेळीं दहा लक्षांचें रेशीम आपण होऊन दाराशीं आलें! त्यानें माशिता नागामोरी या अधिकाऱ्यास उरादो येथें पाठवून सर्व माल सरकारजमा करण्याची आज्ञा दिली.

आतां जी गोष्ट आम्ही सांगणार आहों, ती सांगण्यास जड जातें. परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें आपल्याच घरची अडचण झांकून ठेवूं नये. माशिता उरादोस आल्यावर त्यानें गलबतावरील लोकांस पुष्कळ प्रश्न विचारिले. फ्रान्सिस्को दे ओलांदिया नांवाच्या सुकाणूदारानें जगाचा नकाशा पसरला, आणि आपल्या राजाचीं राज्यें कोठें कोठें आहेत तीं बोट ठेवून दाखविलीं. इतकीं राज्यें तुमच्या राजानें कशीं मिळविलीं, असें विचारितां, आधीं धर्मगुरु जातात, ते लोकांस ख्रिस्ती करितात, आणि मग सैन्य जाऊन त्यांच्या साह्यानें देश जिंकतें, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें, असें म्हणतात. धमकी द्यावी म्हणून तो बोलला, कीं फुशारकी मारावी म्हणून, कीं बोललाच नाहीं, याविषयीं चारशें वर्षें वाद चालला आहे. येशूसंघाच्या लोकांनीं सर्व दोष त्या सुकाणूदाराच्या जिभेवर ठेविला. स्पानिश फ्रान्सिस्कनांनीं उलट लिहिलें, कीं तसें तो बोललाच नाहीं. स्पानिश लोक देश बळकावणारे आहेत, असें अधिपतीच्या कानीं घालणारे पोर्तुगीज व त्यांचे येशूसंघी मित्र होते.

या वादाचें मूळ फार खोल होतें. पोर्तुगाल व स्पेन यांचा राजा १५८० पासून एकच होता खरा, परंतु प्रजा मनानें एक झाली नव्हती. जपानचा व्यापार मकावच्या पोर्तुगीजांच्या हातीं होता आणि मनिल्याच्या स्पानिश लोकांनीं त्यांत शिरूं नये असें त्यांस वाटे. पोप १३ वे ग्रेगरी यांनीं १५८५ सालीं जपानांतील धर्मकार्य येशूसंघाकडेच राखून ठेविलें होतें. फ्रान्सिस्कन आले ते राजाचे वकील या नात्यानें. एक संघ म्हणे, सावधपणें व गुप्तपणें काम करावें. दुसरा म्हणे, शुभवर्तमान छपरावरून गाजवावें. दोघांच्याही मनांत येशूचें प्रेम होतें, हें आम्ही निःसंशय मानितों. परंतु दोघांनीं एकमेकांविरुद्ध रोमेस व माद्रिदेस धाडलेलीं पत्रें वाचतांना धर्मगुरूची मान खालीं जाते, हेंही लपवीत नाहीं. आमचें स्वतःचें मत विचाराल, तर सुकाणूदार बोलला असावा. वादळांतून वांचलेला, सर्वस्व डोळ्यांदेखत नाहीसें होत असलेला मनुष्य आपल्या राजाचें बळ दाखवून माल सोडवूं पाहील, यांत नवल कोणतें? आणि हेंही तितकेंच खरें, कीं माल जप्त करण्याची आज्ञा देणाऱ्यास तेव्हां एखादें कारण हवेंच होतें.

या साऱ्यांत आमचा गोन्सालो कोठें होता? तो क्योतो येथें पेद्रो बाप्तिस्ता यांच्यापाशीं होता. १५५७ च्या सुमारास वसईस त्याचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या शाळेंत तो शिकला, आणि पंधरासोळा वर्षांचा असतांना त्यांच्याबरोबर जपानास गेला. तेथें त्यानें जपानी भाषा अशी आत्मसात केली, कीं लोक त्याचें बोलणें आवडीनें ऐकत. कांहीं वर्षें धर्मशिक्षकाचें काम केल्यावरही येशूसंघांत प्रवेश मिळेना, म्हणून तो व्यापारांत पडला. पुढें सर्व सोडून मनिल्यास फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु झाला. गुरुदीक्षा त्यानें कधींच घेतली नाहीं. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता हे मनिल्याच्या गव्हर्नराचे वकील होऊन हिदेयोशीपुढें उभे राहिले, तेव्हां त्यांचा शब्द जपानींत सांगणारा हा वसईचा बंधु होता. येशूसंघाचा शिष्य आणि फ्रान्सिस्कन बंधु, पोर्तुगीजाचा पुत्र आणि स्पानिश वकिलातीचा दुभाषी: ज्या दोन पक्षांचें भांडण आम्हीं वर सांगितलें, ते दोन्ही पक्ष त्याच्या एका आयुष्यांत एकत्र आले होते.

डिसेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, फ्रान्सिस्कनांच्या मठाला पहारा बसला. धरावयाच्या लोकांची पहिली यादी फार मोठी होती. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्यानें दयेनें ती कमी केली. नाक व कान कापण्याचा हुकूम होता, तोही त्यानें सौम्य करून डाव्या कानाच्या पाळीवर आणिला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें चोवीस जणांच्या पाळ्या कापून त्यांस गाड्यांतून शहरभर फिरविलें. मग ओसाका, साकाई, आणि तेथून भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत पायीं चालविलें. वाटेंत त्यांची सेवा करीत येणारे दोघे ख्रिस्तीही त्यांत धरले गेले व सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघी, सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुई बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, तोमास चौदा वर्षांचा.

यांत फेलिपे दे हेसूस होता. तो मिशनरी म्हणून जपानांत आलाच नव्हता. त्याचें गलबत फुटलें म्हणून तो तेथें होता. वादळ झालें नसतें तर तो मेक्सिकोंत गुरुदीक्षा घेऊन म्हातारपणीं अंथरुणावर मेला असता. आज तो मेक्सिको देशाचा पहिला संत आहे.

निशिझाका टेकडीवर क्रूस आडवे मांडून ठेविले होते. गोन्सालो पुढें होऊन आपल्या क्रूसाकडे प्रथम गेला, असें परंपरा सांगते. पावलो मिकी यानें क्रूसावरून प्रवचन केलें. प्रत्येकास लोखंडी कड्यांनीं व दोऱ्यांनीं जखडलें होतें, आणि भाले दोन्ही बाजूंनीं खुपसण्यांत आले. १६२७ सालीं त्यांस धन्यवादितांत गणण्यांत आलें, व १८६२ च्या जून महिन्याच्या ८ व्या तारखेस पोप ९ वे पायस यांनीं त्यांस संतपदावर चढविलें. वसईच्या शेजारीं गास येथील देऊळ आणि वसईचें महाविद्यालय आज गोन्सालोचें नांव धारण करितात.

गलबताचें पुढें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. लांदेचो व त्याचे खलाशी यांस हिदेयोशीनें मारिलें नाहीं. ते १५९७ च्या उन्हाळ्यांत मनिल्यास परत पोंचले. गव्हर्नरानें लुई नाव्हारेते याला वकील करून, बरोबर एक हत्ती नजराणा देऊन, माल व रक्तसाक्ष्यांचीं शरीरें मागण्यास पाठविलें. हिदेयोशीस हत्ती फार आवडला. मालाविषयीं त्याचें उत्तर असें होतें, कीं तो देशाच्या कायद्याप्रमाणें जप्त झालेला आहे. पुढच्या वर्षीं, १५९८ सालीं, तो मरण पावला.

पुढें बारातेरा वर्षांनीं, १६०९ च्या सप्तंबरच्या ३० व्या तारखेस, ‘सान फ्रान्सिस्को’ हें त्याच मार्गावरील गलबत जपानच्या पूर्व किनाऱ्यावर ओंजुकु गांवाजवळ फुटलें. छपन्न माणसें बुडालीं. तीनशें सतरा जणांस गांवकऱ्यांनीं वांचविलें. तेथें समुद्रांत बुड्या मारून शिंपल्या काढणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांनीं थंडीनें गारठलेल्या परक्या खलाशांना आपल्या अंगाची ऊब देऊन जगविलें, असें तेथील लोक अद्याप अभिमानानें सांगतात. नवा अधिपति इयेयासु यानें त्यांस परत जाण्यास जहाजही दिलें. समुद्र तोच, वादळ तसेंच, देशही तोच. परंतु त्या वेळीं राजाच्या मनांत मेक्सिकोशीं व्यापार करावयाचा होता.

आणि हुआन पोब्रे? वाचकांनीं त्याचें नांव ध्यानांत ठेविलें असेल. फेलिपेबरोबर तो क्योतोच्या कामगिरीवर गेला, पण यादींत सांपडला नाहीं, आणि जिवंत राहिला. ‘सान फेलिपे’च्या नाशाची सविस्तर हकीकत त्यानेंच लिहून ठेविली, आपल्यास आज जें ठाऊक आहे, त्यांतलें पुष्कळ त्याच्या लेखणीचें आहे. तो पुन्हां समुद्रावर निघाला. १६०१ सालीं ‘सान्ता मार्गारीता’ हें आणखी एक गलबत पॅसिफिकमधील रोता बेटाशीं फुटलें होतें, व त्यांतील कांहीं माणसें त्या बेटांवर अडकून पडलीं होतीं. दुसऱ्या वर्षीं हुआन पोब्रेचें जहाज त्या बेटांवरून जात असतां तो एका सोबत्यासह रोता बेटावर उतरला, आणि तेथील लोकांत सात महिने राहिला.